रविवारचे अपचन

सत्यरुची संशोधन संस्थेत पाऊल टाकले की पहिला भेटायचा तो वास. नासलेले दूध, तीन दिवसांचे मासे, कुजकी अंडी यांचे अर्क तिथे काचेच्या कुप्यांत ओळीने लावून ठेवले होते. बुचे कितीही घट्ट असली तरी तो वास पडद्यांत आणि कर्मचाऱ्यांच्या डब्यांतल्या पोळ्यांतसुद्धा मुरलेला असे. माणसाला किळस किती येते हे मोजायचे तर आधी ती आणावी लागते, त्याला इलाज नव्हता. नाशिकच्या कडेला, द्राक्षमळ्यांच्या मधोमध, एवढी घाण पदरचे पगार देऊन सांभाळणारी दुसरी इमारत नसावी.

डॉ. कालिंदी वाघमोडे हिला त्या वासाचे काही वाटेनासे होऊन सहा वर्षे झाली होती. शनिवारी दुपारी ती अंतिम अहवालाची शेवटची पाने तपासत होती. सोमवारी तिची सही झाली की असत्य-अरुची लस जिल्ह्यातल्या आठवीच्या सगळ्या मुलांना टोचली जाणार होती. साठ स्वयंसेवक, दोन वर्षांच्या नोंदी, आणि निष्कर्ष एका ओळीचा: दुष्परिणाम आढळले नाहीत.

"मॅडम, सहीच्या आधी एकेचाळीस नंबर परत एकदा बघाल का?"

दारात डॉ. फैयाज मुजावर उभे होते. संस्थेतल्या सगळ्या नोंदी त्यांच्याकडे असत. त्यांनी स्वतः लस घेतली नव्हती, आणि ते लपवतही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ते तेलाचे डाग पडलेली जाडजूड रहस्यकथा वाचत बसायचे. कालिंदी आली की ती वर्तमानपत्राखाली सरकवायचे, कारण तिची नुसती एक ओळ वाचली तरी कालिंदीच्या तोंडाला पाणी सुटायचे, आणि ते भुकेचे नसायचे.

लशीमागचे तत्त्व साधे होते. मेंदूत, कानशिलाच्या आत खोल, एक इवलासा भाग असतो. नासके अन्न जिभेवर आले की तो पेटतो आणि माणूस थुंकतो. संस्थेने त्याला नाव दिले किळसकेंद्र. समोरचा खोटे बोलतोय हे कळल्यावरही हे केंद्र किंचित हलते, हे कालिंदीने दाखवून दिले होते. लशीतला निरुपद्रवी विषाणू तिथल्या पेशींची जोडणी बदलून ते किंचित हलणे शंभरपट करत असे. जोडणी एकदा बदलली की बदलली. मागे फिरायची वाट नव्हती, आणि ती ठेवण्याची गरजही कुणाला वाटली नव्हती. परत खोटे सहन करता यावे असे कोण मागेल?

"एकेचाळीसबद्दल लिहिलंय की मी," कालिंदी म्हणाली. "वयोमानाने होणारं अपचन. लशीशी संबंध नाही."

"लिहिलंय. तेच खटकतंय." मुजावर खुर्चीत बसले. "आधी एक सांगा. ही लस अफवा थांबवते का?"

"तुम्ही पुन्हा तिथेच आलात."

"सांगा तरी."

कालिंदीने पेन खाली ठेवले. "नाही. शरीराला खरं काय ते कळत नाही. शरीराला एवढंच कळतं, की हे खोटं आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला काहीच होत नाही. जाणूनबुजून खोटं पसरवणारे थांबतील. एवढं पुरेसं आहे."

"म्हणजे ठकवला जाणारा ठकत राहणार. आणि मळमळणार कोण? ज्याला आधीच माहीत आहे की ही बनवलेली गोष्ट आहे, तो. कादंबरी उघडणारा."

"कादंबरी ही काही गरज नाही, मुजावर."

हे ती मनापासून बोलली होती, म्हणून तिच्या पोटात काही हलले नाही. तिला गोष्टींचा तिटकारा लशीच्या कितीतरी आधीपासूनचा. न झालेल्या लग्नांवर आणि न मेलेल्या माणसांवर डोळे गाळत बसायचे, हा तिला आळशी लोकांचा उद्योग वाटे. तिचे वडील निवृत्ती वाघमोडे, म्हणजे अण्णा, करमाळ्याच्या एका लहानशा वाचनालयात चौतीस वर्षे ग्रंथपाल होते. त्यांचा एक हेका होता. ते कुणालाही एक पुस्तक द्यायचेच नाहीत, जोडी द्यायचे. गोष्टीचे एक आणि माहितीचे एक. वकील कायद्याचे पुस्तक मागायला आला तरी त्याच्या पिशवीत कादंबरी जायची, आणि कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या नेणाऱ्या बायकांना मधमाश्यांवरचे नाहीतर बांधकामावरचे काहीतरी न्यावेच लागायचे. एका डोळ्याने चालता येतं, पण खोली कळत नाही, असे ते म्हणायचे. लहानग्या कालिंदीलाही जोडीच मिळायची. ती माहितीचे पुस्तक वाचायची आणि गोष्टीचे तसेच परत करायची. अण्णा त्याची न उकललेली पाने अंगठ्याने चाळून बघायचे आणि पुस्तक कपाटात ठेवायचे.

चाचणीच्या वेळी अडचण आली ती स्वयंसेवकांची. एकोणसाठ जण मिळाले, पण त्यांतला एकही गोष्टी वाचणारा नव्हता. मान्यता देणाऱ्या समितीने अशा एकतर्फी चाचणीला हरकत घेतली असती. म्हणून कालिंदीने अण्णांना विचारले. फार तर गोष्टींची गोडी जाईल, माहितीची पुस्तकं आहेतच की, असे सांगितले. आठवड्याला तीन कादंबऱ्या वाचणारे सत्तरीचे अण्णा म्हणाले होते, "तुझं काम अडतंय ना? मग टोच." ते झाले क्रमांक एकेचाळीस. क्रमांक एक स्वतः कालिंदी होती.

मुजावरांनी भिंतीवर आलेख लावला. प्रत्येक स्वयंसेवकाच्या मनगटावर नोंदक बांधलेला होता. उमासा आला की तो थरथरायचा, त्यावर तांबडा ठिपका उमटायचा आणि वेळेसकट इथे नोंद व्हायची.

"बाकीच्यांना सुरुवातीचे तीन महिने त्रास झाला आणि मग बंद. का बंद झाला, हे मी फोन करकरून विचारलं. लोकांनी लग्नाला जाणं सोडलंय, मॅडम. जेवण बेचव असलं तर छान होतं म्हणता येत नाही. आजाऱ्याला भेटायला जात नाहीत. तेवीस नंबरच्या बायकोनं घर सोडलं. त्रास शून्य आहे, कारण ज्यानं त्रास होतो ते सगळं त्यांनी टाकून दिलंय. तुम्ही त्याला सुधारणा म्हणता."

"खोटं बोलणं सोडलं, ही सुधारणाच आहे."

"असेल. एकानं मात्र सोडलेलं नाही." त्यांनी एकेचाळीसची ओळ मोठी केली. पहिल्या महिन्यात ठिपक्यांचा सडा होता, सकाळ-दुपार, हट्टाने पुन्हा पुन्हा. मग मोकळी जागा. आणि मग आठवड्याला एक ठिपका, सुमारे दोन वर्षे, एकदाही न चुकता. "अपचन वार बघून होत नाही. हा सगळा रविवार आहे. सकाळी सव्वादहा, कधी वीस. त्या वेळी तुमचे वडील काय करतात?"

कालिंदी आलेखाकडे बघत राहिली. "दहा वाजता मी फोन करते."

"काय विचारता?"

"नेहमीचं. कसे आहात. काय वाचताय. लस घेतल्याचं वाईट नाही ना वाटत."

"आणि ते काय सांगतात?"

ते काय सांगतात हे तिला तोंडपाठ होते. मजेत आहे. एक चरित्र वाचतोय, झकास आहे. वाईट कशाचं वाटायचं? आणि मग लगबगीने, बरं ठेवतो, कुणीतरी आलंय. दर रविवारी सव्वादहाला अण्णांकडे कोण येते, असे तिच्या मनात एकदाही आले नव्हते. तिला स्वतःची शिसारी आली. कुप्यांतल्या कुठल्याही अर्काने आणली नव्हती एवढी. नोंदक मात्र गप्प होता, कारण यात खोटे काहीच नव्हते.

रविवारी दहा वाजता तिने फोन केला नाही. ती करमाळ्याच्या घराच्या दारात उभी होती.

अण्णा निम्मे झाले होते. फोनच्या चौकटीत फक्त चेहरा दिसायचा आणि तो ते उजेडाकडे धरायचे. आता गळ्याची हाडे दिसत होती. ओसरीवरच्या मोरीत फिनेलचा वास होता आणि त्याखालचा आंबूस वासही तिने ओळखला. भिंतीला लागून पुस्तकांची तीन कपाटे होती. काचांवर आतून चादरी लावलेल्या.

"कालिंदी? एकाएकी गं? फोन केला असतास तर भाकरी टाकून ठेवली असती."

"अण्णा, सध्या काय वाचताय?"

"चरित्र..." ते म्हणाले आणि थांबले. गालफडे आत गेली. मनगटावरचा नोंदक थरथरला. ते मोरीपर्यंत पोहोचायच्या आत तिने त्यांना धरले. पोटात काहीच नव्हते, नुसते पिवळे पाणी पडले. दर रविवारी हे असे होत होते, आणि ती नाशिकला चहाचा कप हातात घेऊन मन लावून लिहीत होती: अपचन.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "खऱ्यानं त्रास होत नाही."

अण्णांनी चूळ भरली. "शब्दकोश वाचतो. तो चालतोय बघ. एसटीचं वेळापत्रक चालत नाही. मला माहीत आहे ना, ती गाडी कधी त्या वेळेला येतच नाही. पंचांगातली तिथी चालते, भविष्य नाही. तू पाठवलेली माहितीची पुस्तकं काढून बघितली. चरित्र लिहिणाऱ्यानं कुठं हातचं राखलंय, ते चौतीस वर्षं पुस्तकं हाताळलेल्याला लगेच कळतं गं. चौथ्या पानावर उलटी. तुम्हाला वाटलं गोष्टी तेवढ्या जातील. जोडीतलं एक काढलं की दुसरंही जातं."

"मग मला मजेत आहे कशाला सांगत होता? न बोलता बसला असतात, तर एक दिवसही त्रास झाला नसता. बाकीचे तसेच बसलेत."

"बाकीच्यांची लेक कुठं रविवारी फोन करत होती?" ते खाटेवर टेकले. "आठवड्यात एकदा सोसायचं. तेवढं सोसतंय."

कालिंदीने पिशवीतून अहवाल काढला. खाटेच्या कडेवर ठेवूनच तिने एकेचाळीसव्या ओळीतले अपचन खोडले आणि लिहिले, लशीचा थेट परिणाम. मग शेवटच्या पानावरची 'आढळले नाहीत'ची ओळ खोडली. खाली लिहिले, ही लस कोणत्याही मुलाला देऊ नये. सही केली, तारीख घातली, आणि पानांची छायाचित्रे मुजावरांना पाठवून दिली. एवढे लिहिताना मळमळ नाही, काही नाही. सहा वर्षांत तिने केलेले हे सगळ्यात सोपे काम होते. मुले वाचली. एवढ्यावर समाधान मानून उठता आले असते.

अण्णा हे सगळे बघत होते. मग ते हळूच म्हणाले, "एक विचारू? तू कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून विचारतो. पहिल्यापासूनच नाही बोलत. गोष्टीचं पुस्तक वाचलं का म्हटलं, तर सरळ नाही म्हणायचीस."

"विचारा."

"हे परत पहिल्यासारखं होतं का? लगेच नको. दोन-चार वर्षांनी झालं तरी चालेल. काहीतरी धरून बसायला बरं असतं." त्यांनी चादर लावलेल्या कपाटाकडे बघितले. "नसेल होत तर तसं सांग. मी काही रडणार नाही."

उत्तर तिला ठाऊक होते. तिनेच ते सिद्ध केले होते. मेंदूतली ती जोडणी सुटत नाही, उंदरात नाही, माकडात नाही, माणसात नाही. तिच्याइतके पक्के हे पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हते.

"होतं, अण्णा," ती म्हणाली. "उतारा तयार होतोय. दीडेक वर्ष लागेल."

जिभेच्या मुळाशी कडू पाणी आले. तिने दात आवळले आणि ते गिळले, पुन्हा आले, पुन्हा गिळले. नोंदक थरथरायला लागला तसा तिने हात ओढणीखाली घेतला. पण तिची नजर अण्णांच्या मनगटावर होती. तिथे ठिपका उमटला असता तर सगळे संपले असते. लस कुणाला फसत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला ती ओकायला लावतेच.

अण्णांचा नोंदक निवांत होता. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. ते उठले, कपाटाशी गेले आणि आतली चादर एका टोकाकडून सोडवायला लागले.

"दीड वर्ष म्हणजे काही फार नाही," ते पाठमोरे म्हणाले. "मग ही पुस्तकं वरच्या कप्प्यात काढून ठेवतो. न बघता नुसती पुसतो."

कालिंदी कशीबशी मोरीपर्यंत पोहोचली. पोटातले सगळे बाहेर आले तरी उमासे थांबेनात. नाशिकला भिंतीवर क्रमांक एकच्या कोऱ्या ओळीत पहिला तांबडा ठिपका उमटला असणार, आणि मुजावर तो बघत असणार. आतून फडक्याने पुस्तक झटकल्याचा आवाज येत होता.

"काय गं?" अण्णांनी आतून विचारले. "प्रवास सोसला नाही वाटतं?"

"हो, अण्णा," ती म्हणाली. "गाडी लागली."

आणि ती पुन्हा वाकली.