सांता आना वेळेआधीच निघाली

“भिंतीला कधी घाम येतो का गं? उन्हानं डोकं तापलंय तुझं!” एल्फेगो खो खो हसत म्हणाला.

“मग तूच हात लावून बघ की, शहाण्या!” निन्फा चिडली.

गावाची रक्षक संत सांता आना, तिच्या सणाची सकाळ होती. चौकात पोसोलेची, म्हणजे मक्याच्या रश्श्याची, पातेली चढली होती आणि बाहेरगावचे पाहुणे जुन्या घरांच्या निळ्या दारांसमोर उभे राहून फोटो काढत होते. निन्फा आणि तिचा धाकटा भाऊ चानो सुट्टीसाठी आल्बुकर्कीहून आजोबांकडे, म्हणजे त्यांच्या ग्रांपोकडे, आले होते. चुलतभाऊ एल्फेगो इथलाच. आज दोघांना सगळं जुनं गाव दाखवायचा विडा त्याने उचलला होता, आणि फिरत फिरत तिघं मातीच्या चर्चमागे आले होते.

एल्फेगोने भिंतीच्या पायाशी तळवा टेकवला आणि त्याचं हसू मावळलं. “अगं, खरंच ओली आहे! आठवडाभर पावसाचा थेंब नाही आणि ही ओली कशी?”

चानोच्या हातात काठी होती, आणि काठी असली की त्याला खुपसल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने ती भिंतीवरच्या सिमेंटच्या एका भेगेत घातली. मुठीपर्यंत आत गेली! बाहेर आली ती चिखलाने बरबटून.

“गप्प बसा दोघं!” चानोने भिंतीला कान लावला. “आत पाणी वाहतंय!”

कोपऱ्यावर घोड्यांच्या हौदासाठी बसवलेला नवा नळ होता. नळ तर घट्ट बंद होता, पण त्याचा पाइप भिंतीच्या बुडाखालून गेला होता. तो आतच फुटला होता, दुसरं काय! पूर्वी दर उन्हाळ्यात सारा गाव हाताने या भिंतीला माती लिंपायचा. जरा कुठे मऊ लागलं की बायका तिथल्या तिथे ओरडायच्या. पण दोन वर्षांपूर्वी बेलार्मिनोकाकांनी वरून सिमेंट थापलं आणि भिंतीला हात लावायचंच सगळे विसरून गेले.

एल्फेगोने पळत जाऊन पाण्याची मुख्य चावी बंद केली. तो परत आला तरी निन्फा जागची हलली नव्हती. वरच्या भेगेत मघाशी तिचं नख जेमतेम शिरलं होतं. आता अख्खं बोट शिरत होतं.

“एल्फेगो, या भिंतीच्या आतल्या बाजूला काय आहे रे?”

“वाजवणाऱ्यांचं बाकडं...” एल्फेगोचा चेहरा पांढराफटक पडला. “ग्रांपो तिथेच बसतात.”

तिघं धावत सुटले. बेलार्मिनोकाका दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. चर्चची आणि सणाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती, आणि तो तोरा त्यांच्या मिशीतही दिसायचा.

“काका, मागची भिंत पडणार आहे! सगळ्यांना बाहेर काढा!” निन्फा धापा टाकत म्हणाली.

“सिमेंट आहे ते, पोरांनो! तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण त्याला काही व्हायचं नाही!” काका गडगडाटी हसले. “गेल्या वर्षी हाच एल्फेगो भर प्रार्थनेत ‘साप, साप’ म्हणून ओरडला होता. निघाला काय? घंटेचा दोर!”

आजूबाजूचे सगळे हसले. एल्फेगोचे कान लाल झाले.

आत ग्रांपो बाकड्यावर बसून व्हायोलिन जुळवत होते. निन्फाने त्यांची बाही ओढली. “ग्रांपो, चला ना इथून! भिंत आतून चिखल झालीये!”

“या भिंतीला टेकून मी म्हातारा झालो, बाळा. प्रार्थना संपू दे, मग बघतो. सणाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नये.”

त्यांच्या खांद्यावर बारीक माती पडली. त्यांनी ती झटकली आणि परत तारा पिळायला लागले. निन्फा रडायच्या बेतात होती. सांगून ऐकत नाहीत, ओढून उठत नाहीत! करायचं तरी काय?

तेवढ्यात तिची नजर वेदीपाशी गेली. फुलांनी सजवलेल्या पालखीत सांता आनाची लाकडी मूर्ती उभी होती. प्रार्थनेनंतर ती मिरवणुकीत निघायची.

“एल्फेगो, सांता आना दाराबाहेर पडली की आत कोणी बसून राहतं का?”

“छे! सगळा गाव मागे चालतो. आणि व्हायोलिन पुढे लागतंच, त्याशिवाय ती...” एल्फेगो थबकला. “नाही हं, निन्फा! आई माझी सालटी काढेल!”

“काढू दे. ग्रांपो तरी वाचतील!”

एल्फेगोने पुढचा दांडा उचलला, निन्फाने मागचा. चानोने घंटेच्या दोराला लोंबकळून घणघणाट सुरू केला आणि सांता आना डुलत डुलत चालू पडली!

“अरे, ए! थांबवा त्या कार्ट्यांना!” बेलार्मिनोकाका ओरडले. पण मूर्तीच्या वाटेत आडवं कोण येणार? बायका गुडघे टेकून उठल्या आणि मागे निघाल्या. पाद्रेबाबाही गोंधळून त्यांच्यामागे निघाले.

ग्रांपो रागाने उठले. “वाजवल्याशिवाय निघालात? घराण्याची अब्रू घालवलीत रे!” असं म्हणत ते लगबगीने पुढे आले आणि वाजवायला लागले. निन्फा मान खाली घालून चालत होती. तिचे खांदे भरून आले होते, पण तिने दांडा सोडला नाही.

मिरवणूक चौकाच्या मध्यावर पोचली होती. शिव्या घालत येणारे बेलार्मिनोकाका सगळ्यांच्या मागे होते. आणि मागून धप्प करून आवाज झाला! चर्चच्या दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

व्हायोलिन थांबलं.

धूळ बसल्यावर मोठी माणसं आत डोकावून आली. मागची भिंत आत कोसळली होती आणि बाकड्याचा तुकडासुद्धा दिसत नव्हता. बेलार्मिनोकाका खाली मान घालून तिघांसमोर आले. “माझ्या हट्टापायी आज गावात प्रेतं मोजायची वेळ आली असती,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “पोरांनो, तुम्ही गाव वाचवलात.” गावातल्या सर्वांत वयस्क एउफेमियाआजींनी तिघांच्या कपाळाचे मुके घेतले. चानोने आपलं कपाळ दोनदा पुढे केलं.

निन्फाला मात्र त्या कौतुकातलं काही ऐकू येत नव्हतं. ती ग्रांपोंच्या अंगावर धावली आणि त्यांच्या छातीवर बुक्क्या मारत रडायला लागली. “तुम्ही तिथेच बसला असतात! मी सांगत होते आणि तुम्ही बसूनच राहिला असतात!”

“हो गं, बसलोच असतो,” ग्रांपो म्हणाले. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

प्रार्थना उघड्यावर, चौकातच करायचं ठरलं. लोक खुर्च्या मांडायला लागले. ग्रांपोंनी व्हायोलिन काखेत घेतलं, नातीकडे पाहिलं आणि विचारलं, “सांग बाळा, आता मी कुठे बसू?”