भाषणातला माणूस

"तुमच्यापैकी इंटरनेटवर कोण कोण फसलंय? हात वर करा बघू."

मार्नीने प्रश्न टाकला आणि सगळे चिडीचूप. टास्मानियातल्या ह्यूऑन नदीकाठच्या त्या लाकडी हॉलमधले आजी-आजोबा हात मांडीवर घट्ट ठेवून बसले. एवढ्यात मागे दारात पावसाने भिजलेला एक हात वर गेला...

"तुम्ही? फसलात?" तिने उत्साहाने विचारले.

"नाही... म्हणजे, हा केक कुठं ठेवू? मावशीनं पाठवलाय."

हॉल खदखदून हसला. मार्नीचे कान लाल झाले.

चहाच्या वेळी तोच माणूस केकचा तुकडा घेऊन तिच्यापुढे उभा. नाव फर्गस, पलीकडच्या काठावर सफरचंदांची बाग.

"भाषण कसं वाटलं?"

"खरं सांगू? तुम्हाला सगळं माहितीये. पण ऐकताना झोप येते, पोलीसबाई."

"बाई नका म्हणू. आणि पोलीस तर मुळीच नाही, नोकरी सोडली मी."

"मग काय म्हणू?"

"मार्नी म्हणा... आणि तुकडा जरा मोठा कापा."

सायबर गुन्ह्यांच्या तपासातली पक्की नोकरी सोडून तिने हा व्याख्यानांचा उद्योग मांडला होता. लोक लुटले गेल्यावर धावण्यापेक्षा आधीच सावध करावे, एवढीच तिची इच्छा. पण पदरी पडायचा तो चहा आणि आभार. व्याख्यात्यांना कार्यक्रम मिळवून देणारी हॉबार्टची प्रू तिला स्पष्टच म्हणाली होती, "माहिती तुझी शंभर नंबरी गं, पण माहितीनं कुणी रडत नाही. भाषणात एखादा माणूस आण. वसंतातल्या परिषदेत जम बसला तर देशभर फिरशील. नाहीतर गुपचूप नोकरीवर परत जा."

मार्नीची जुनी गाडी चढावर रुसायची, म्हणून हिवाळाभर फर्गसच तिला गावोगाव नेऊ लागला. त्याच्या गाडीला सफरचंदांचा वास असे. तो शेवटच्या रांगेत बसे आणि भाषण लांबले की मुद्दाम जांभई देई.

"जांभई दिलीस तर याद राख!" ती परतताना दटावायची.

"मग इतकं गोड बोलू नकोस ना... अंगाई वाटते." आणि तो हळूच तिच्याकडे बघायचा. तीही बघायची, मग दोघे उगाचच रस्त्याकडे बघायचे.

एका दुपारी धक्क्यावर पाय सोडून बसले असताना तो म्हणाला, "त्या दिवशी मी हात केकसाठी वर केला नव्हता."

मार्नीने त्याच्याकडे वळून पाहिले.

"बायको गेल्यावर फोनवर एलेना भेटली. म्हणजे... एलेना म्हणवणारं कुणीतरी. बागेचा एक तुकडा गेला त्यात. जाऊ दे. खुळेपणा पुढचा आहे. ती खोटी आहे हे कळल्यावरही मी त्या बंद नंबरवर रोज 'शुभ रात्री' पाठवत होतो. तू भेटेपर्यंत."

तिने त्याचा गार हात दोन्ही हातांत धरला.

"मावशीलाही ठाऊक नाही हे," तो म्हणाला.

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही."

आणि ते तिने अगदी मनापासून म्हटले होते.

हॉबार्टच्या परिषदेत तिचे भाषण रेंगाळले. लोक खोकू लागले, मोबाइल चाळू लागले. पहिल्या रांगेत प्रूने घड्याळ पाहिले. मार्नीने हातातले कागद मिटले. नाव आणि गाव बदलले की माणूस झाकला जातो, हे तिला पोलीस खात्यानेच शिकवले होते. प्रत्येक व्याख्यानात ती तेच करत आली होती. "चेरीच्या बागेतला एक माणूस होता..." ती म्हणाली, आणि सभागृह शांत झाले. बंद नंबरवरच्या 'शुभ रात्री'पाशी कुणीतरी हुंदका दिला. मग सगळे उठून टाळ्या वाजवू लागले.

पण टास्मानिया बेट ते केवढेसे, सगळे सगळ्यांना ओळखणारे! तिसऱ्या रांगेतल्या फर्गसच्या मावशींनी टाळी वाजवली नाही. त्यांनी हळूच मान वळवून मागे पाहिले. दारात फर्गस उभा होता. मार्नीला न सांगता, खास तिच्यासाठी आला होता तो.

मार्नीने त्याला गाडीपाशी गाठले. पाऊस भुरभुरत होता.

"नाव बदललं होतं रे..."

"हो. सफरचंदांची चेरीही केलीस." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "छान बोललीस. आज जांभई नाही आली."

"फर्गस, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"माझंही आहे गं. म्हणूनच सांगितलं होतं ना..." त्याने दार उघडले. "एलेना खोटी होती, मार्नी. पण माझं गुपित तिनं कधी कुणाला सांगितलं नाही."

गाडी वळणाआड गेली. आता तो कधी येणार नाही, हे तिला कळून चुकले.

आत प्रू नाचायचीच बाकी होती. पर्थ, ब्रिस्बेन, सगळीकडून बोलावणी! तिच्या मागे एक म्हातारा टोपी हातात घेऊन ताटकळत होता.

"बाळ, त्या चेरीवाल्याला माझा निरोप देशील?" त्याने हलक्या आवाजात विचारले. "म्हणावं, मीही पाठवतो. अजून. वाटायचं, मी एकटाच खुळा..."

"देते हं," मार्नी म्हणाली, आणि तिला एकदम रडू कोसळले. म्हातारा बिचारा गडबडला. आपलेच काहीतरी चुकले असे वाटून तो कितीतरी वेळ तिची समजूत काढत राहिला.