डोंगरबंदीची नोटीस

शिरूर कासारजवळच्या त्या गावात वनरक्षक राधाकिशनने शाळेच्या भिंतीवर नोटीस डकवली. हात पुसून वळतो तोच द्वारकाच्या शेळीने ती निम्मी फस्त केली.

"अहो, सरकारी कागद आहे तो—"

"मग कणकेची खळ कामून लावली?"

तो हसला आणि कानापर्यंत लाल झाला. द्वारकाला मोठी गंमत वाटली. पण उरलेला कागद तिने दोनदा वाचला. झाडं वाढावीत म्हणून डोंगर शेळ्यांना बंद होणार होता आणि तसा ठराव शुक्रवारच्या ग्रामसभेत होणार होता. तिच्या आईबापासकट निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. सगळ्यांच्या शेळ्या तिच्या हवाली. डोंगर बंद झाला, तर माणसं परतायच्या आत शेळ्या बाजारात विकाव्या लागणार.

मग तो रोज पाणी मुरवायला खणलेले चर बघायच्या निमित्ताने डोंगरावर येऊ लागला. ती तावातावाने भांडे. झाडं तिलाही हवी होती. पण अर्धा डोंगर आधी बंद करा, अर्धा चरायला ठेवा, आणि शेळ्या ज्यांच्या आहेत त्यांना विचारा, एवढंच तिचं म्हणणं. एकदा त्याने पाणी मागितलं. त्या टंचाईतही तिने बाटली दिली... आणि परत घेऊन तोंड न पुसता स्वतः प्यायली.

शुक्रवारी सभेला माणसं थोडीच जमली, कोरम काही भरेना. सरपंच सुंदरराव दूध सोसायटीचेही चेअरमन. बंद डोंगराचं गवत सोसायटीच्या गाईंना मिळणार होतं. उसाच्या फडावर गेलेल्यांचे अंगठे मी आणतो, तुम्ही 'एकमताने मंजूर' लिहा, असं त्यांनी वन समितीचा सचिव म्हणून इतिवृत्त लिहिणाऱ्या राधाकिशनला सांगितलं. ठराव झाला नाही तर बदली, हे वरच्या साहेबांनी त्याला आधीच बजावलं होतं.

द्वारका मागे भिंतीला टेकून उभी होती. त्याने पेन उघडलं. आता हा लिहिणार, असं वाटून तिला त्याचा भयंकर राग आला, आणि रडूही.

राधाकिशनने पेनाला टोपण लावलं.

"गाव फडावर हाय," तो म्हणाला. त्याच्या गावाकडची, केजची बोली आपसूक तोंडात आली होती. "माणसं घरी येऊ द्या. सभा तवाच."

शेळ्या वाचल्या. त्याची बदली मात्र आठवड्यात परळीला झाली.

जीपपाशी ती आली तेव्हा तो खाली उतरला.

"माणसं आली की मी येईन. तुमच्या वडिलांना विचारायचंय..."

"डोंगराचं?"

"न्हाई... तुमचं."

"डोंगराचं समद्यांला इचारा," द्वारका म्हणाली. "माझं आदी मला इचारा."

"मग... इचारतो—"

जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"मंजूर," ती म्हणाली. "ह्या सभेला कोरम लागत न्हाई."