चमच्याचे खड्डे

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी वर्लिन स्ट्राउड बागेकडे निघाला तो नेहमीसारखाच. खांद्यावर धातू शोधायचं यंत्र, कमरेला खुरपं. फक्त आज त्याला जुनी नाणी नको होती. एक खोटं निस्तरायचं होतं.

ओहायोतल्या त्या गावची बाग म्हणजे पन्नास वर्षांचा उकिरडा. सहलीला आलेल्यांनी बिअरच्या डब्यांच्या कड्या ओढून तिथंच फेकलेल्या. यंत्रात कडी वाजते आणि सोन्याची अंगठीही अगदी तशीच वाजते. अंगठी हवी असेल तर एकूणएक कडी उकरायची, दुसरा इलाज नाही.

मे महिन्यात म्हाताऱ्या आर्डिथ कोसेकबाईंनी त्याला अक्रोडाच्या झाडाखाली आणून जागा दाखवली होती. गेलेल्या नवऱ्याची अंगठी तिथं बाईंच्या बोटातून निसटली होती. वर्लिनने वीसेक कड्या उकरल्या, मग कंबर धरली, आणि त्याने गुपचूप यंत्रातला कड्यांचा, म्हणजे अंगठीचाही, आवाजच बंद करून टाकला. पुढं चांदीची तीन नाणी लागली, ती खिशात घातली.

"सगळी जागा उकरली हो, बाई. अंगठी इथं नाहीच," तो म्हणाला.

बाईंनी त्याला घरचा मक्याचा पाव दिला. तो त्याने खाल्ला, याची लाज त्याला सगळ्यात जास्त वाटे. बाईंना मात्र काही चैन पडेना. उन्हाळाभर त्या स्वयंपाकघरातला चमचा घेऊन एकट्याच उकरत राहिल्या. ऑक्टोबरात वारल्या.

आज त्याने सगळे आवाज चालू ठेवले. हिरवळीचा गोल तुकडा कापायचा, कडी काढायची, माती लोटायची, तुकडा परत थापून बसवायचा. कडी. पुन्हा कडी. धुकं खाली उतरलं. मागून बारीक आवाज येत होता, खर्र... खर्र... वळलं की थांबायचा. आणि कुठूनतरी मक्याच्या पावाचा वास.

कचऱ्याची पिंपं रिकामी करणारी लोर्ना गाडी ढकलत आली.

"काका, त्या आजी गेल्या का?"

"कोण आजी?"

"तुमच्याबरोबरच्या. तुमच्या मागं रांगत होत्या की. तुम्ही खड्डा बुजवला की त्या उकरायच्या... मी म्हटलं, काय बाई ही, माणसावर जरासुद्धा भरवसा नाही."

वर्लिनने मागं पाहिलं. त्याने थापलेला प्रत्येक तुकडा उलटा पडला होता. आत चमच्याचे ओरखडे होते.

लोर्ना गेल्यावर तो गुडघ्यांवर बसला. "आर्डिथबाई... मी खोटं बोललो. पण अंगठी मी घेतली नाही हो... देवाशपथ नाही घेतली." खरं तेच बोलत होता, पण आवाज त्याचा त्यालाच चोरासारखा वाटला. अंधार पडेपर्यंत उकरलं. अंगठी मिळाली नाही.

सकाळी दार उघडलं तर फाटकापासून पायरीपर्यंत अंगणात छोटे छोटे खड्डे होते, ओळीने. अंगठी आपणच लपवलीय असं बाईंना वाटतंय, हे त्याला उमगलं. तीन नाणी परत अक्रोडाखाली पुरून यावीत म्हणून ती घ्यायला तो स्वयंपाकघरात गेला.

नाणी खिडकीतल्या कुंडीशेजारी होती तशीच होती. कुंडीतली माती मात्र तळापर्यंत उकरलेली होती, आणि खिडकीची कडी आतून लावलेली होती.