डब्यातलं तिसरं बटण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. जिच्या बाबतीत हे घडलं ती ताई आजही लोकांच्या कपड्यांना अस्तरं लावून पोट भरते. थापा मारायला तिला वेळ कुठला?

रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट.

आई गेल्यावर तो ताई आणि दादा, दोघांच्या नावावर झाला. दोघांनी तो भाड्यानं दिला. आता करार संपत आला होता. वाढवायचा की नाही, ते त्या दुपारी ठरवायचं होतं.

दादाला वाढवायचा होता. भाडेकरूची बायको आजारी, तो तिच्याजवळ दवाखान्यात. त्यानं फ्लॅटची किल्ली दादाकडे दिली होती आणि दादा त्याला शब्द देऊन बसला होता.

ताईला मात्र तिथं स्वतः राहायला यायचं होतं. तिच्या घरमालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. दुसरीकडे जायला जागा नव्हती.

"भांडायचं नाही हं, ठमाबाई," दादा म्हणाला. "आईच्या पद्धतीनं करू."

आई शिवणकाम करायची. घरात एकमत झालं नाही की बटणांचा पत्र्याचा डबा पुढं ठेवायची. झाकणाला फट पाडलेली. हो असेल तर पांढरं बटण टाकायचं, नाही असेल तर काळं. एकानं टाकताना दुसऱ्यानं पाठ फिरवायची. तिसरं बटण आईचं, त्यामुळे बरोबरी कधी व्हायचीच नाही. आता दोघंच उरले होते; बरोबरी झाली तर पुन्हा टाकायचं ठरलं.

ताईनं तोच डबा आणला होता. रिकामा करून, आतून पुसून.

दादानं टाकलं. टक्.

ताईनं टाकलं. टक्.

आणि मग...

टक्.

"दोन टाकलीस होय गं? लबाड!" दादा हसला.

"मी? एकच टाकलं!"

झाकण काढलं. एक काळं. दोन पांढरी.

"तूच टाकली असशील," ताई चिडली. "लहानपणापासून तुझा रडीचा डाव!"

पुन्हा केलं. या वेळी समोरासमोर, तळहात उघडे दाखवून.

टक्. टक्.

दोघांनी श्वास रोखला. खाली रस्त्यावरून एकाही गाडीचा आवाज येत नव्हता. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघरही थांबली होती...

टक्.

एक काळं. दोन पांढरी. त्यातल्या एकाच्या भोकांत दोरा अडकलेला. आई जुन्या कपड्यांतून बटणं उसवून ठेवायची ती अशीच.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "जाऊ दे तो शब्द," तो म्हणाला. "भाडेकरूची समजूत मी काढतो. तू ये राहायला."

त्यानं डबा रिकामा केला आणि ताईच्या डोळ्यांदेखत काळं बटण टाकलं. ताईनंही काळंच टाकलं.

दोघं थांबून राहिले...

तिसरा आवाज आलाच नाही.

ताईचा जीव भांड्यात पडला. तिनं झाकण काढलं.

आत तीन बटणं होती. तिन्ही पांढरी.

दादा ताडकन उठला आणि भिंतीला जाऊन टेकला. ताई जागची हलली नाही. भीती वाटायच्या आधी तिला रडूच कोसळलं.

"आई, मग मी कुठं जाऊ गं?"

आतल्या खोलीत कुणीतरी खुर्ची मागं सरकवली...

पावलं वाजली नाहीत. नुसतं कापड घासल्यासारखं काहीतरी तिच्या खांद्याजवळून पुढं गेलं.

आणि बाहेरच्या दाराची कडी आपोआप सरकली. दार सताड उघडलं.

करार वाढला. दोघांनी त्याच आठवड्यात सह्या केल्या. भाडेकरूची बायको बरी होऊन घरी आली. ती दोघं तिथं सुखानं राहतात. त्यांना आजवर काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही.

ताई शिवणाच्या दुकानामागच्या कोंदट खोलीत राहते.

"त्या घरात तुझं काहीतरी वाईट होणार असेल," दादा तिला समजावतो. "आईनं वाचवलं तुला."

ताई मान डोलावते. पण तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

"घराचं राहू दे रे, दादा," ती म्हणते. "तिनं मला वाचवलं की हाकललं, एवढंच कुणीतरी सांगा."