न वाळलेला रंग

“हनुवटी थोडी वर घ्या... हां, बस,” म्हणणाऱ्या फोटोग्राफर रविकांतचा सिंधूला पहिल्याच नजरेत संशय आला. इतक्या मऊ आवाजात बोलणारा माणूस सरळ असेल कशावरून?

अकोल्याच्या कन्याशाळेत शिकवणाऱ्या सिंधूला दर्यापूरचं स्थळ आलं होतं. साल अठ्ठावन्न. मुलाकडच्यांना रंगीत फोटो हवा होता, म्हणजे काळ्या-पांढऱ्या फोटोवर कापसाच्या बोळ्याने रंग चढवलेला. रविकांतचा त्यात हातखंडा. मागच्या पडद्यावर गुलाबीचा निळा असा करायचा, की कुठे एक संपला नि दुसरा सुरू झाला, ते देवालाही सांगता येऊ नये.

पण तीन आठवडे झाले तरी फोटो मिळेना. “रंग वाळून नाई राह्यला,” एवढंच उत्तर. ऐन वैशाखात अकोल्यात माणूस वाळतो, तिथे रंग वाळत नाही? त्यात शाळेतल्या माणिकबाईंनी कानात सांगितलं, “सांभाळ बाई. अकोटच्या एका पोरीचा फोटो असाच कोन्या परक्या मानसाच्या फोटोले जोडला. जोडावर रंग फिरवला. लगीन मोडलं तिचं.”

सिंधू तडक रविकांतच्या स्टुडिओत शिरली. टेबलावर तिचाच फोटो. ती उजवीकडे — नि डावीकडे अख्खी मोकळी जागा. तिच्या खांद्यापाशी गुलाबी, मग जांभळट, कडेला संध्याकाळचा निळा.

तिने नखाने जोड शोधला. सापडला नाही.

“इथं कोनाले बसवून राह्यले तुमी?”

“कोनालेच नाई.”

“मंग जागा काहून ठेवली?”

“माह्यासाठी...” रविकांत बोटावरचा निळा पुसत म्हणाला. “पन तुमाले इचारल्याबिगर कसा बसू?”

मग त्याने खणातून दुसरा फोटो काढला. “हा दर्यापूरले धाडाचा. पह्यल्याच हप्त्यात वाळला. द्याची हिंमत नाई झाली.”

सिंधूला राग यायला हवा होता. आला नाही. दर शनिवारी नुसत्या चौकशीला येताना आपण इस्त्रीचंच पातळ का नेसत होतो, ते तिला आता स्वतःशी कबूल करावं लागलं.

तिने दर्यापूरचा फोटो पुन्हा खणात सरकवला.

“याचा रंग वाळला नाई अजून. आईले तसंच सांगते.”

दारापाशी ती थांबली.

“तुमचा फोटो आधी मले दाखवा. बिनरंगाचा... तुमच्या हाताचा भरोसा नाई मले.”