ड्रायव्हरच्या मागची सीट

माणसाचं वय झालं म्हणून त्याला कुणी रस्त्यावरून उचलून बाजूला ठेवत नाही. गाडीला ठेवतात. वहिनींना तो मेसेज आला तेव्हा त्या पेट्रोल पंपापलीकडच्या वळणावर, बाकीच्या ड्रायव्हरांच्या रांगेत गाडी लावून डबा खात होत्या. ज्या ॲपवरून त्यांना भाडी मिळायची, त्या कंपनीनं कळवलं होतं की आपल्या गाडीनं वयाची मर्यादा ओलांडली आहे, महिनाअखेरीनंतर तिच्यावर भाडी मिळणार नाहीत. शेवटी आभारही मानले होते. म्हणजे मान कापायची आणि वर नमस्कार करायचा, असला प्रकार.

गाडीत तशी काही खोट नव्हती. इंजिन तक्रार करत नव्हतं, ब्रेक जागच्या जागी लागायचे, पत्र्याला गंज नव्हता. पण कागदावर जे वर्ष लिहिलंय ते लिहिलंय, त्याच्याशी कोण भांडणार? गाडी वहिनींच्या नवऱ्याची. त्यांना रांगेतले सगळे भाऊ म्हणायचे, म्हणून या वहिनी. भाऊंनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती आणि तिच्यातच ते गेले. भर दुपारी, रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू असताना. डॉक्टर म्हणाले, हृदय. मग वहिनींनी स्टिअरिंग हातात घेतलं. बाईमाणसानं दिवसभर परक्यांना घेऊन हिंडायचं म्हणजे काय, असं नातेवाइकांनी नाक मुरडून म्हटलं, पण घर चालवायला एकजण पुढं आला असेल तर शपथ.

घरात होत्या वहिनी आणि मुलगी टिल्ली. लहानपणी मुठीएवढी होती म्हणून टिल्ली, आता आईच्या खांद्याला लागली तरी नाव काही सुटलं नव्हतं. बाप गेल्यापासून पोरगी अबोल झाली होती. तिच्यासाठीच वहिनी पहाटे उठत होत्या, तिच्यासाठीच प्रवाशांची बोलणी ऐकून घेत होत्या. तिला काही झालं तर आपण कुणासाठी जगायचं, हा विचार मनात आला की त्या उठून काहीतरी काम काढायच्या.

तर जुनी गाडी भंगारात द्यायची ठरली. कंपनीच्या नियमात बसेल अशी एक पांढरी गाडी, कुणीतरी थोडीच वापरलेली, वहिनींनी पाहून विकत घेतली.

भंगारवाल्याच्या आवारात त्या दिवशी ढगाळ, मळकट उजेड होता. एकावर एक रचलेल्या गाड्या, दारं नसलेल्या, काचा नसलेल्या. सीटची कव्हरं त्यांनी स्वतः शिवलेली होती, ती तरी काढून न्यावीत म्हणून त्या मागच्या दारातून आत वाकल्या. ड्रायव्हरच्या मागच्या सीटचा बेल्ट नेहमीसारखा लावलेलाच होता. रिकाम्या सीटवर बेल्ट लावलेला, हे त्या गाडीत पहिल्यापासून असंच. ती सीट खराब आहे, दुसरीकडं बसा, असं भाऊ प्रवाशांना सांगायचे, म्हणून वहिनीही सांगत आल्या. बकल अडकलं असेल असं त्यांना वाटायचं. आज त्यांनी बटण दाबलं, तर ते एका बोटात सुटलं. कसली खराब नि काय! वहिनींना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. नवऱ्याच्या असल्या कितीतरी खोड्या आपल्याला कळल्याच नाहीत, असं वाटलं. त्यांनी सीटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "चला, जाऊ या आपण."

आल्या आल्या भंगारवाल्याच्या दोन गड्यांना गाडी जागची हलवता हलवेना, गिअरमध्ये राहिलीय का म्हणून ते दोनदा बघून गेले होते. आता मात्र ती एका धक्क्यात सुरसुर पुढं गेली. गडी एकमेकांकडं बघून हसले. वहिनी कव्हरांची गुंडाळी काखेत मारून नव्या गाडीकडं वळल्या.

नव्या गाड्यांना अक्कल फार. मागं कोण बसलंय, किती जण बसलेत, बेल्ट लावलाय की नाही, सगळं त्यांना कळतं. समोरच्या पडद्यावर सीटांची चित्रं येतात आणि बेल्ट न लावता कुणी बसलं की त्या सीटवरचा चिमुकला माणूस लाल होतो, वर टिंगटिंग वाजत राहतं. पहिल्याच दिवशी वहिनींनी गाडी रस्त्यावर काढली आणि टिंगटिंग सुरू झालं. ड्रायव्हरच्या मागची सीट. लाल माणूस. मागं वळून पाहिलं तर चढवलेल्या जुन्या कव्हराशिवाय काही नाही.

पहिली प्रवासी ऑफिसला निघालेली बाई होती. तिनं आधी दुर्लक्ष केलं, मग कानाला हेडफोन लावले, आणि शेवटी मध्येच उतरून गेली. ॲपवर तिनं लिहिलं की गाडीत आवाज येतो आणि गाडीत बसल्यावर बरं वाटत नाही. दुसऱ्याला तक्रार करायला असला आवाज आयताच मिळतो. असे दोनचार शेरे पडले की कंपनी नवी गाडीही बंद करायला कमी करणार नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. त्या तडक गॅरेजमध्ये गेल्या.

मेकॅनिकनं कव्हर काढलं, सीट उचलली, खालची वजन ओळखणारी पट्टी बदलली. टिंगटिंग चालूच. मग त्यानं या सीटची पट्टी पलीकडच्या सीटला आणि तिकडची इकडं लावून पाहिली. दिवा पुन्हा त्याच जागी लागला. तो बोलका माणूस होता, वायरमनपासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांना शिव्या घालत काम करायचा. त्यानं शेवटी सीटवर तळहात दाबून पाहिला, तो उचलला आणि पँटला पुसला. मग मात्र त्याची बडबड थांबली.

"पट्टी चांगली आहे वहिनी," तो म्हणाला. "बेल्ट लावून टाका रिकामाच. सगळे तेच करतात."

वहिनींनी बेल्ट लावला. लाल माणूस हिरवा झाला, आवाज बंद. प्रश्न मिटला. प्रवाशांना त्या पुन्हा सांगू लागल्या, ती सीट खराब आहे, पलीकडं बसा.

पण मन काय बसतंय का गप्प? एका संध्याकाळी शेवटचं भाडं सोडून परतताना वहिनींनी सिग्नलला गाडी थांबवली, हात मागं नेला आणि बेल्ट सोडला. टिंग. लावला. शांत. सोडला. टिंग. त्यांच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. "अहो?" त्या म्हणाल्या. आणि सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी वहिनी तोंडावर हात धरून रडत होत्या. आपला माणूस आपल्याला सोडून गेलाच नाही! जुनी गाडी बिचारी आंधळी, तिला कळलं नाही एवढंच.

त्या दिवसापासून वहिनींचा चेहरा बदलला. भाडं नसलं की त्या मागं बघून बोलायच्या. टिल्लीचे मार्क, घरमालकाची कुरकुर, नळाची गळती, सगळं सांगायच्या. कधी उत्तर आलं नाही, पण भाऊ तरी कुठं उत्तर द्यायचे? एकच गोष्ट त्यांना खटकली. थंड सकाळी मागच्या काचेवर वाफेचा एक डाग धरायचा, आतून, कुणी काचेजवळ श्वास सोडावा तसा. तो डाग पार छताला लागून असायचा. भाऊ ठेंगणे होते, त्यांचं डोकं सीटच्या वर येत नसे. वहिनींनी ते पाहिलं, आणि फडक्यानं पुसून टाकलं. इतक्या दिवसांनी मिळालेलं सुख असल्या बारीकसारीक गोष्टीपायी कोण हातचं घालवेल?

मग एका उदास दिवशी, दिवसभर चार धड भाडीसुद्धा मिळाली नाहीत तेव्हा, त्या लवकरच घरी परतल्या. इमारतीखाली गाडी लावली. वर खिडकीत टिल्ली एकटी बसलेली दिसत होती, गाल काचेला टेकवून. वहिनींना वाटलं, हिला बाप हवाय. आणि बाप इथं गाडीत बसून राहिलाय, परक्यासारखा. त्यांनी मागचं दार उघडलं, बेल्ट सोडला, आणि प्रवाशाला दिवसातून दहादा म्हणतात तेच वाक्य म्हटलं.

"आलं घर. उतरा आता."

टिंगटिंग वाजत होतं. ते थांबलं. पडद्यावरचा लाल माणूस पुसला गेला आणि सीटचं चित्र रिकामं झालं.

त्या रात्री वहिनींना गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी टिल्लीला शाळेला सुट्टी होती. डोकं जड वाटतंय म्हणून ती अंथरुणातच लोळत होती. दुपारी येते, म्हणून सांगून वहिनी निघाल्या. गाडी सकाळभर गप्प होती. बेल्ट मोकळा लोंबत होता, कुणी वाजवत नव्हतं.

दुपारी रांगेत दाढीवाले काका भेटले. भाऊंचे जुने जोडीदार. मुलाकडं जाऊन राहिले होते, बऱ्याच महिन्यांनी परत आले होते. नवी गाडी बघायला म्हणून ते हसत हसत आले, टपावर थाप मारली, आत डोकावले. हसू तिथंच राहिलं.

"जुनी कुठाय?"

भंगारात दिली, नियमात बसेना, असं वहिनींनी सांगितलं. काकांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की जुनीचा मागचा बेल्ट कुणी सोडला होता का. वहिनींना हे विचारणं विचित्र वाटलं, पण आनंदही लपवता येईना. कधीतरी कुणालातरी सांगायचंच होतं. त्यांनी सगळं सांगितलं. आवाज, लाल माणूस, गप्पा, आणि काल भाऊंना घरी उतरवून घेतलं ते.

काका पुढच्या सीटवर बसले.

"भाऊ नाहीत ते, वहिनी."

वहिनींनी मागच्या सीटकडं वळून पाहिलं.

काका म्हणाले की भाऊंनी गाडी घेतली तेव्हाच तो बेल्ट लावलेला होता. आधीच्या मालकानं सोडू नका म्हणून सांगितलं होतं. का, ते काकांनी एकदा खोदून विचारलं, तेव्हा भाऊ एवढंच बोलले होते, बसलंय ते बसलेलं बरं. टिल्लीला त्यांनी कधी मागं बसू दिलं नाही. आठवतंय ना?

आठवत होतं. पोरगी हट्ट करायची, आणि भाऊ, ज्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, ते ओरडायचे.

"भाऊ गेले तेव्हा पहिला मीच पोचलो," काका खालच्या आवाजात म्हणाले. "कुणी प्रवाशानं चुकून सोडला असेल. मागचा बेल्ट निघाला होता. भाऊंचा हात मागं होता, बकल धरून. अंग सगळं पिळलेलं. मी आधी तो बेल्ट लावला, मग लोकांना हाका मारल्या. तुम्हाला सांगायला हवं होतं. म्हटलं, विश्वास कोण ठेवणार."

वहिनींनी गाडी सुरू केली. काका घाईनं उतरले, तेही त्यांनी नीट पाहिलं नाही.

त्यांनी टिल्लीला फोन लावला, तो नुसता वाजत होता. उचलत नव्हती.

रस्त्यावर ढगांमुळं भर दुपारी दिवे लागले होते. वहिनींनी एक सिग्नल तोडला. मग दुसरा. देवा, माझी पोर, एवढंच तोंडातून निघत होतं.

त्या जिने चढून वर आल्या. दाराला आतून कडी लावलेली नव्हती.

बैठकीच्या खोलीत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या होत्या, त्यातल्या दोन मधोमध आणून ठेवल्या होत्या. एकीच्या मागं एक, दोन्हींची तोंडं खिडकीकडं.

पुढच्या खुर्चीवर टिल्ली बसली होती.

पाठ ताठ. दोन्ही हात छातीसमोर धरलेले, गोल, स्टिअरिंगवर ठेवावेत तसे. उजवा पाय फरशीवर दाबलेला. खांद्यावरून कमरेपर्यंत वहिनींचा लांब स्कार्फ तिरका आवळून बांधलेला.

मागच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. पण तिच्या बसायच्या विणलेल्या पट्ट्या मध्ये खोल दबल्या होत्या.

"टिल्ले," वहिनी म्हणाल्या. "ऊठ बाळा. ये इकडं."

टिल्लीनं मान वळवली नाही. तिचे ओठ कोरडे पडले होते, डोळे खिडकीबाहेर, समोर, रस्ता बघावा तसे लागले होते.

"हळू बोल आई," ती कुजबुजली. "अजून पोचलो नाही."

वहिनी गुडघ्यावर बसल्या आणि स्कार्फ सोडायला त्यांनी गाठ शोधली. छातीवर नव्हती. कमरेला नव्हती. ती टिल्लीच्या पाठीमागं होती, तिचे हात पोचणार नाहीत अशा जागी, मागच्या खुर्चीच्या बाजूनं मारलेली.